अधिकार त्याचा, त्याग तिचा?

बंगळुरूच्या शिवाजीनगरमधील सेंट मेरीज बॅसिलिका असो, महात्मा गांधी रोडवरचे सेंट मार्क्स कॅथेड्रल असो, की फ्रेझर टाऊनमधले एखादे लहानसे चर्च असो, ख्रिस्ती लग्नाच्या उपासनेत एक उतारा अनेकदा कानावर पडतो. कधी तामिळमध्ये, कधी कन्नड, कोकणी, मल्याळम किंवा इंग्रजीत. या शहरातला ख्रिस्ती समाज इतक्या भाषांचा आहे, की काही चर्चमध्ये रविवारी सकाळपासून निरनिराळ्या भाषांतल्या उपासना एकीमागून एक चालू असतात. उतारा मात्र तोच, नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, पती हा तिचे मस्तक होय, असे त्यात आरंभी सांगितले आहे. मग पतीकडे वळून पत्र सांगते, की ख्रिस्ताने आपल्या मंडळीसाठी जीव दिला, तितके प्रेम तू पत्नीवर करायचे आहेस.

पहिला भाग वाचला जातो तेव्हा नवरदेवाचे मित्र एकमेकांना कोपराने ढोसतात. दुसरा भाग येईपर्यंत सगळ्यांचे लक्ष फोटोग्राफरकडे गेलेले असते!

पुढच्या संसारातले निम्मे प्रश्न या न ऐकलेल्या दुसऱ्या भागातून उभे राहतात. घरात एकाचा शब्द अखेरचा मानायचा, आणि त्याच माणसाने घरच्यांसाठी स्वतःला विसरायचे, हे जमते का? अधिकार आणि आत्मत्याग एकाच छपराखाली नांदतात का?

त्या काळच्या रोमन घरात हा प्रश्नच नव्हता. घरच्या पुरुषाचा शब्द हाच कायदा. पत्नी, मुले, गुलाम, सारे त्याच्या हुकमतीत. अशा जगात हे पत्र पत्नीला तीन वचनांत तिचे कर्तव्य सांगते आणि पतीला त्याच्या जवळजवळ तिप्पट जागा देते. ती सगळी जागा त्याने काय सोडायचे हे सांगण्यात खर्च झाली आहे. शिवाय पत्नीविषयीच्या वचनांच्या अगोदर आणखी एक वचन आहे, ते सर्वांना परस्परांच्या अधीन व्हायला सांगते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ सालच्या आपल्या पत्रात याच वचनावर बोट ठेवले आणि पतिपत्नींमधील अधीनता एकतर्फी नाही, ती परस्परांची आहे, असे स्पष्ट केले. मौज अशी, की कॅथलिक विवाहविधीत या उताऱ्याचे एक लहान रूपही वाचायला दिलेले आहे. त्यात पत्नीच्या अधीनतेची वचने गाळली आहेत, आणि त्यांच्याबरोबर परस्परांच्या अधीनतेचे वचनही गळले आहे.

सर्वच पंथांना हा अर्थ मान्य आहे असे नाही. अमेरिकेतल्या काही प्रॉटेस्टंट विचारवंतांनी १९८७ मध्ये डॅनव्हर्स येथे एक निवेदन तयार केले. पतीने घराचे नेतृत्व करणे ही ईश्वरी योजना आहे, मात्र ते नेतृत्व प्रेमाचे आणि नम्रतेचे असावे, असा त्याचा आशय. त्यांच्याच देशातल्या दुसऱ्या गटाने याला उत्तर म्हणून स्त्रीपुरुष समतेची बाजू बायबलमधूनच मांडली. तो वाद आजही मिटलेला नाही.

वाद विद्वानांचा असला तरी त्याची परीक्षा स्वयंपाकघरात होते. आणि तिथे एक गोष्ट सहज दिसते. अधिकार आणि त्याग एकाच माणसाच्या अंगी असतील तर घर चालते. अधिकार एकाच्या वाट्याला आणि त्याग दुसऱ्याच्या, अशी वाटणी झाली, की ज्याला त्याग म्हणतात ते नुसते ओझे होते.

टिळकांचे घर

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. मराठीतल्या एका अत्यंत लाडक्या आत्मचरित्रात, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त, तो पानापानांवर आहे. १९३४ ते १९३६ या काळात हे पुस्तक चार भागांत निघाले. त्याकडे बहुतेक जण विनोदाने भरलेली संसारकथा म्हणून पाहतात. ती तशी आहेही. पण अधिकार कुणाचा आणि किंमत कुणी मोजायची, हा हिशेब तिच्यात जितका खरा आहे तितका धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही सापडणार नाही.

नारायण वामन टिळक हे कवी आणि मनाने अतिशय उदार. पैसा त्यांच्या हातात टिकत नसे. गरजू भेटला की देऊन मोकळे. रागही तसाच, आणि घर सोडून अचानक निघून जाण्याची सवयही. अशा माणसाला जग त्यागी म्हणते. पण दिलेल्या पैशातून उद्याचे धान्य यायचे असते, आणि रिकामा डबा बाहेरच्यांना दिसत नाही. देणारा तो, सोसणारी ती! टिळकांच्या थोरवीला याने बाध येत नाही, पण त्यांच्या दानाची निम्मी पावती लक्ष्मीबाईंच्या नावाने फाडायला हवी.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा एकट्याचा होता. लक्ष्मीबाई एका रात्रीत जित्या नवऱ्याच्या असून नसल्यासारख्या झाल्या. मुलगा दत्तू तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. तो आईजवळ राहिला, आणि आई नातेवाइकांच्या आश्रयाला. त्या काळच्या ब्राह्मण समाजात हे दिवस कसे गेले असतील याची कल्पना करता येते. नवऱ्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा कौल मानला, यात दोष नाही. पण त्या कौलाची झळ लागणाऱ्या माणसाला त्यात मत नव्हते, हेही तितकेच खरे.

इथवर पाहिले तर हे कोणत्याही हुकमी नवऱ्याचे घर वाटेल. पुढे मात्र वेगळे घडले. १८६६ सालच्या एका कायद्याने धर्मांतर केलेल्या माणसाला एक वाट मोकळी करून दिली होती. धर्मांतरामुळे जोडीदार सोबत राहायला तयार नसेल, तर कोर्टाकडून तो विवाह मोडून घेऊन दुसरे लग्न करता येत असे. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. थांबले. एक नाही, दोन नाही, काही वर्षे. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा तो संसार. टिळकांनी तिच्या सोवळ्याला हात लावला नाही.

जातीचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनातून गळून पडला तो त्यांचा त्यांनी. ही जातपात देवाने केलेली नाही, माणसानेच केली आहे, असे त्यांना वाटले, आणि एकदा वाटल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने सांगितले म्हणून घेतला असता तर ती आज्ञाधारक पत्नी ठरली असती. तो पाच वर्षे उशिरा आणि स्वतःच्या पायांनी आला, म्हणून त्याला मोल आहे. टिळकांचा मोठेपणाही इथेच. ज्या समाजात नवरा नुसता डोळे वटारून बायकोचा धर्म ठरवू शकत होता, तिथे त्यांनी आपला अधिकार वापरायचे सोडून दिले. पैसे वाटून टाकण्यापेक्षा हा त्याग अवघड.

तरी कथा सरळ रेषेत जात नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' नावाने नव्या कार्याचा संकल्प केला. भारतीय ख्रिस्ती माणसाने परक्यांच्या पगारावर अवलंबून राहू नये, हा विचार मोठा होता. पण पगार सोडला की तो एकट्याचा सुटत नाही. पुन्हा तोच हिशेब! घरातल्या एकाच्या महान निश्चयापुढे बाकीच्यांची सोय गौण ठरते, आणि त्यांना तक्रारही करता येत नाही, कारण निश्चय चांगल्या कामासाठी असतो. धर्मकार्याला वाहून घेतलेल्या किती पाळकांच्या, प्रचारकांच्या आणि समाजसेवकांच्या घरी ही मुकी तक्रार असेल!

१९१९ साली मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहून काढले. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला. ज्या कामाचा अधिकार घरात एकट्या टिळकांचा मानला गेला असता, त्याचा बहुतांश भाग त्यांच्या पत्नीच्या हातून पुरा झाला.

आई, मुलगी आणि आजीबाई

पती-पत्नीइतकाच नाजूक अधिकार आईबापांचा. त्याचे उदाहरण पाहायला कर्नाटकाच्या मातीत जन्मलेल्या एका मराठी बाईकडे वळावे लागते. पंडिता रमाबाई १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून विद्वानांचा रोष ओढवून घेतला होता. म्हणजे अधिकाराशी भांडण रमाबाईंच्या घरात जन्मापासूनच.

सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा दोन वर्षांची मनोरमा त्यांच्यासोबत होती. तिथल्या मठातील सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. मनोरमा त्यांना 'आजीबाई' म्हणे. नाते कुटुंबाचेच झाले, आणि भांडणही कुटुंबासारखे. रमाबाईंनी कुणाला शिकवावे, कोणती मते मानावीत, मुलीला धर्माचे धडे कसे द्यावेत, हे ठरवण्याचा हक्क चर्चचा की त्यांचा? सिस्टर जेराल्डिन प्रेमाने समजावत, कधी कठोर होत, आज्ञापालन हा सद्गुण आहे याची आठवण देत. रमाबाईंचे उत्तर असे, की पुरोहितांच्या एका जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली ती दुसऱ्या जोखडात घालण्यासाठी नव्हे. हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला आणि तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. हरलेल्या वादातली विरुद्ध बाजूची पत्रे जपून ठेवायलाही मन मोठे लागते.

हीच बंडखोर रमाबाई आई म्हणून कशी होती? मनोरमेचे शिक्षण इंग्लंडात झाले, अमेरिकेत झाले. बालपणाची बरीच वर्षे आईपासून दूर गेली. परत आल्यावर तिने आईच्या कामाला वाहून घेतले. शारदा सदन तिने सांभाळले. आज कलबुर्गी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुलबर्ग्यात १९१२ च्या सुमारास मुलींची शाळा उभी राहिली, तीही तिच्या मदतीने. लग्न केले नाही. केडगावच्या मुक्ती मिशनची वारस म्हणून आईने तिच्याकडे पाहिले, पण १९२१ मध्ये चाळिशीतच ती वारली. नऊ महिन्यांनी, एप्रिल १९२२ मध्ये, रमाबाईही गेल्या.

मनोरमेचा त्याग स्वखुशीचा होता, की थोर आईच्या मुलीला दुसरा रस्ताच दिसत नव्हता? जी आई जगातल्या कोणत्याही बिशपपुढे झुकली नाही, तिच्यापुढे मुलीने झुकणे किती सहज झाले असेल! इफिसकरांच्या पत्रात मुलांना आज्ञापालन सांगितल्यावर लगेच बापांनाही बजावले आहे, की मुलांना चिडीला आणू नका. पण प्रेमळ अधिकार कुणाला चिडीला आणत नाही. तो नकळत माणसाचे आयुष्य ठरवून टाकतो, आणि म्हणूनच त्याच्यापासून अधिक सावध राहावे लागते.

कायद्याने दिलेले मस्तक

धर्मग्रंथाने पतीकडून जीव मागितला. कायद्याने मात्र त्याला सवलत दिली. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरेसे होते. पत्नीला नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही दाखवावे लागे. नुसत्या मारहाणीवर घटस्फोट नाही! पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याची तरतूदही होती, पण ती फक्त पतीसाठी. जणू त्याच्या मालमत्तेची खराबी झाली होती. जिल्हा न्यायालयाने दिलेला घटस्फोट उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी कायम करावा लागे, तोवर बाई लटकलेली.

हा कायदा बदलावा म्हणून ख्रिस्ती स्त्रियांनीच जोर लावला, आणि विविध पंथांच्या चर्चनीही पुढे त्यांना साथ दिली, हे मुद्दाम सांगायला हवे. केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली. संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त केला. पती आणि पत्नी यांना कारणे समान झाली, नुकसानभरपाईचे कलम गेले, परस्पर संमतीचा घटस्फोट आला. तरी एक खोच राहिलीच. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीसाठी एक वर्ष वेगळे राहणे पुरे, ख्रिस्ती जोडप्याला मात्र दोन वर्षे. केरळने २०१० मध्ये आणि बंगळुरूच्या उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते अंतर एका वर्षावर आणले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित ख्रिस्ती मातेला, मुलाच्या वडिलांना नोटीस न देता, पालकत्वाचा अर्ज करण्याची मुभा दिली.

कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही. चर्चचे स्वतःचे न्यायासन विवाह मुळातच झाला नव्हता असा निवाडा देऊ शकते, पण त्याने कायद्याच्या नजरेत विवाह सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे संसार मोडलेल्या कॅथलिक स्त्रीला दोन दारे ठोठवावी लागतात. त्याआधी तिला बहुतेक वेळा तिसऱ्या दारातून परत पाठवलेले असते. ते म्हणजे माहेरचे दार. "ख्रिस्ताने क्रूस वाहिला, तू एवढे सोसू शकत नाहीस?" हा प्रश्न मार खाऊन आलेल्या मुलीला विचारला जातो. मारणाऱ्याला कुणी क्रुसाची आठवण करून देत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मधील 'आमोरिस लेतित्सिया' या कुटुंबविषयक पत्रात हिंसा आणि अपमान सोसणाऱ्या जोडीदाराच्या व मुलांच्या रक्षणासाठी वेगळे होणे कधी कधी अटळ, किंबहुना नैतिकदृष्ट्या आवश्यक असते, असे मान्य केले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तर सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहेच.

पगार तिचा, खुर्ची कुणाची?

बंगळुरूच्या कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी जोडप्याला विवाहपूर्व शिबिराला बसावे लागते. इतर पंथांतही पाळक असेच मार्गदर्शन करतात. तिथे श्रद्धेबरोबर पैसा, सासर, मुलांचे नियोजन हे विषय निघतात. आजच्या बंगळुरूत त्यांत भर पडली आहे ती बदलीची. व्हाइटफिल्डमध्ये त्याची नोकरी, इलेक्ट्रॉनिक सिटीत तिची. परदेशी जाण्याची संधी एकालाच आली तर दुसऱ्याने राजीनामा द्यायचा का? म्हाताऱ्या आईबापांसाठी घरी कुणी थांबायचे? 'मस्तक कोण' हा प्रश्न इथे अगदी रोकडा होतो, आणि राजीनाम्याचा कागद बहुधा तिच्याच सहीचा असतो.

एका व्यवसायात मात्र चित्र उलटे आहे. बंगळुरू हे परिचारिका घडवणारे मोठे शहर. १८८६ पासूनचे सेंट मार्थाज, सेंट जॉन्स यांसारखी मिशनरी परंपरेची रुग्णालये इथे आहेत आणि नर्सिंगची असंख्य कॉलेजे. शिकायला येणाऱ्यांत केरळच्या ख्रिस्ती मुली पूर्वीपासून मोठ्या संख्येने. त्यांतल्या कितीतरी पुढे आखातात, ब्रिटनमध्ये, आयर्लंडमध्ये, अमेरिकेत जातात. आधी ती जाते, स्थिरावते, मग नवरा तिच्या व्हिसावर जातो. रात्रपाळी तिची, म्हणून मुलांचे डबे भरणे त्याच्याकडे. इफिसकरांच्या पत्राने पतीकडून जे मागितले, ते इथे परिस्थितीने वसूल केले.

हे त्या नवऱ्यांनी कसे घेतले, याचा अभ्यास समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी केरळहून अमेरिकेत गेलेल्या अशा कुटुंबांत राहून केला. त्यांचे पुस्तक २००५ मध्ये निघाले. काहींनी स्वयंपाक आणि मुले आनंदाने सांभाळली. काहींनी बायकोच्या पगारावर राहूनही घरकामाला हात लावला नाही, तिने दोन्ही रेटले. आणि बऱ्याच जणांना घरी आणि नोकरीत गेलेला मान दुसरीकडे सापडला. तो चर्चमध्ये. रविवारी तिथे पुरुषांच्या कमिट्या होत्या, पदे होती, निवडणुका होत्या, आणि त्या निवडणुका फार चुरशीने लढवल्या जात. बायका त्या वेळी बहुधा शनिवारच्या रात्रपाळीची झोप काढत असाव्यात.